देवानं आपल्याला कशासाठी ठेवलंय, ते शोधायचं कसं

31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपली, बारा वाजले, सगळ्यांचे एकमेकांना सलाम झाले, की दाराशी ठेवलेल्या परडीतून वचनाची चिठ्ठी उचलायची. दरवर्षी चार-पाच जणांना तरी यिर्मयाच्या 29व्या अध्यायातलं 11वं वचन निघतं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असं परमेश्वर ज्यात म्हणतो, ते. ज्याला ते निघतं तो खूश. चिठ्ठी फोनच्या कव्हरमध्ये जाते. मग जून उजाडतो, निकाल लागतात, ॲडमिशनची पळापळ सुरू होते आणि तोच मुलगा नाहीतर तीच मुलगी माझ्यासमोर येऊन बसते. "मावशी, देवाचा संकल्प आहे म्हणतात. पण तो काय आहे ते कळणार कसं?"

मी पाळक नाही. मिशनच्या दवाखान्यात नर्स होते. निम्मी नोकरी वॉर्डात गेली, निम्मी नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात. आता नगरला आमच्या मंडळीचा तरुण संघ बघते. बघते म्हणजे चहा मी करते आणि प्रश्न ते विचारतात. या एका प्रश्नाला मी काय सांगते ते इथे लिहून काढतेय, कारण प्रत्येकाला वेगवेगळं सांगताना निम्मं राहून जातं.

आधी तो अध्याय सबंध वाचा

चिठ्ठीवर एक वचन मावतं, अध्याय मावत नाही. यिर्मयाचा 29वा अध्याय हे एक पत्र आहे. यरुशलेमेतून कैद करून बाबेलला नेलेल्या लोकांना ते लिहिलंय. त्या लोकांना एकच गोष्ट ऐकायची होती: घरी परत कधी जायचं? तिथले काही संदेष्टे त्यांना "लवकरच" असं सांगतही होते. यिर्मया लिहितो, सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतल्या चाळिशीच्या माणसानं परतीची वाट बघू नये, हे सरळ आहे. हिताच्या संकल्पाचं वचन येतं ते या सत्तर वर्षांच्या बातमीला लागून. आणि त्याही आधी, 5 ते 7 या वचनांत, कामं सांगितली आहेत. घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

तेव्हा पहिला अभ्यास हा. अध्याय मोठ्यानं वाचायचा आणि स्वतःला विचारायचं: मी सध्या जिथे "तात्पुरती" आहे, तिथे घर बांधणं म्हणजे काय? आमची एक मुलगी पुण्याला हॉस्टेलवर राहून स्पर्धा परीक्षा देते. वर्ष झालं तरी शेजारच्या कॉटवरच्या मुलीचं गाव तिला माहीत नव्हतं. का, तर इथून जायचंच आहे. अशा मुलीला मी देवाच्या योजनेबद्दल काहीच सांगत नाही. शेजारणीला चहा पाज, एवढंच सांगते.

दुसरं असं, की देवानं जे आधीच सांगून ठेवलंय ते पुन्हा विचारत बसू नये. मीखाच्या 6व्या अध्यायाचं 8वं वचन काढा. न्यायानं वागणं, दयेची आवड धरणं, देवासोबत नम्रपणे चालणं. उसने घेतलेले पैसे परत करायला आकाशवाणी लागत नाही. सहा महिने भावाशी बोलणं बंद असेल, तर फोन लावायला कृपादान लागत नाही. माझा अनुभव असा, की ही बाकी चुकती केली की निम्म्या लोकांचा मूळ प्रश्नच बदलतो.

एक वही घ्या

शंभर पानी, साधी. फोनवर नको, फोनवर लिहिलेलं परत कुणी वाचत नाही. पहिल्या पानावर वर निर्गमचा 4था अध्याय, 2रं वचन लिहायचं. जळत्या झुडपापाशी मोशे नाही-होय करत असतो, माझ्यानं होणार नाही म्हणतो, तेव्हा देव त्याला विचारतो, तुझ्या हातात ते काय आहे? काठी. सासऱ्याची मेंढरं राखताना हातात असायची ती साधी काठी. पुढे समुद्रावर उगारायचीही तीच.

मग खाली, हातात काय आहे ते लिहायचं. एक अट: गुण लिहायचे नाहीत, कामं लिहायची. "मी प्रेमळ आहे" हे चालणार नाही. "आजीला रोज इन्सुलिन मी टोचते" हे चालेल. "मला नेतृत्वगुण आहेत" खोडून टाका. "संडे स्कूलच्या सहलीला बस मी ठरवली, डबे मी मोजले" हे ठेवा. नर्सिंगच्या मुलींना रिपोर्ट लिहायला शिकवताना मी हेच सांगायचे: पेशंट "बरा वाटतो" असं लिहू नका, किती खाल्लं, किती चालला, ते लिहा.

दुसऱ्या पानावर: लोक माझ्याकडे कशासाठी येतात? इथे आठवणीवर भिस्त ठेवू नका. फोनमधले महिन्याभराचे कॉल काढा आणि कोण कशासाठी बोललं ते एकेक लिहा. तिसऱ्या पानावर: काय बघितलं की मला तिथून पुढे जाता येत नाही? कुणाचं काय दुखलेलं दिसलं की घरी आल्यावरही डोक्यातून जात नाही?

आमच्या संघातला एक मुलगा पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्या दुकानात कामाला आहे. त्याची वही मला पाठ आहे म्हटलं तरी चालेल. "हातात काय"च्या पानावर त्यानं पहिलं लिहिलं होतं, भजनात ढोलकी. दुसरं, ख्रिसमसला गव्हाणी सजवणं. म्हणजे चर्चच्या आवारातलं तेवढं देवाचं, बाकी पोटाचं. मी विचारलं, "फोन कशासाठी येतात?"

"मोटार जळाली की."

"आणि?"

"आणि काही नाही. दुकानात दोन पोरं आहेत, शाळा सोडलेली. त्यांना वायंडिंग शिकवतो मी. शेठ ओरडतात, टाइम जातो म्हणून."

हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं. मी म्हटलं, शिकवतोस कसं ते दाखव. त्यानं टेबलावरचा रिकामा कप मोटारीसारखा आडवा धरला आणि बोटानं फिरवत सांगायला लागला. पोरं घाईनं जळालेली कॉइल कापून टाकतात. कापायच्या आधी जुने वेढे मोजायचे, तार किती गेजची ते बघायचं, कनेक्शन कसं होतं त्याचं चित्र कागदावर काढायचं. मग खाचेत नवा कागद, मग नवी तार. "मोजायच्या आधी कापलं, मावशी, की मोटार गेली. म्हणून मी त्यांच्याकडून मोठ्यानं मोजून घेतो. एकाला तीसच्या पुढे आकडे येत नव्हते. आता शंभरपर्यंत येतात."

हा मुलगा दोन वर्षं बायबल स्कूलला जाऊ का म्हणून विचारत होता, कारण ज्याला त्याला मंडळीत "सेवेत जा" असंच सांगतात. बायबल स्कूल वाईट नाही. पण मी त्याला निर्गमचे 31 आणि 35 हे अध्याय वाचायला लावले. निवासमंडपाचं, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूचं, काम करायला देवानं बसालेलला नाव घेऊन बोलावलं आणि आपल्या आत्म्यानं भरलं. कशासाठी? सोनं, रुपं, पितळ घडवायला, रत्नं कोरायला, लाकडावर कोरीव काम करायला. आणि 35व्यात पुढे लिहिलंय की त्याला आणि त्याच्या जोडीदाराला दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही दिली. ते वचन त्यानं दोनदा वाचलं आणि मला म्हणाला, "हे कधी प्रवचनात आलंच नाही." खरंच फारसं येत नाही.

अशीच ती यापोची टबीथा, दुर्कस म्हणतात तीच. प्रेषितांच्या कृत्यांच्या 9व्या अध्यायात ती वारते तेव्हा विधवा रडत पेत्राला काय दाखवतात? तिनं शिवलेले अंगरखे आणि कपडे. तिनं दिलेलं एकही भाषण नोंदलेलं नाही.

जिथे दुखलंय तिथे बघा

तिसरं पान बहुतेक जण रिकामं ठेवतात. लाज वाटते, किंवा आपल्या घरातलं दुखणं देवाच्या कामाला कसं उपयोगी पडणार असं वाटतं. त्यांना मी पंडिता रमाबाईंचं आयुष्य नीट, तारखांसकट वाचायला सांगते. मराठी ख्रिस्ती घरात त्यांचा फोटो असतो, पण त्यांचं आयुष्य किती वळणं घेत गेलं ते कुणी बघत नाही.

1858चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, पुढे मुलीलाही शिकवलं. कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराण सांगायचं. 1870च्या दशकात दुष्काळ पडला आणि आई-वडील, मोठी बहीण उपासमारीनं गेली. रमाबाई आणि भाऊ पायी देश तुडवत राहिले. 1878 साली कलकत्त्याला त्यांची विद्वत्ता बघून "पंडिता" ही पदवी मिळाली. मग भाऊ गेला, लग्न झालं, आणि दोन वर्षं व्हायच्या आत पतीही कॉलऱ्यानं गेले. पदरात लहान मनोरमा.

आता इथे थांबून विचार करा. ही बाई वहीत काय लिहील? संस्कृत येतं. उपास काय असतो ते माहीत आहे. विधवा असणं काय असतं ते माहीत आहे.

पण तिनं स्वतः ठरवलं होतं वेगळंच: डॉक्टर व्हायचं. 1883 साली ती इंग्लंडला गेली ती वैद्यकाचा विचार डोक्यात ठेवून. तिथे ऐकू कमी येतं म्हणून ते दार बंद झालं. त्याच वर्षी तिचा बाप्तिस्मा झाला. मी नर्स, म्हणून हे वाचताना मला दर वेळी हळहळ वाटते. आपल्याला एक डॉक्टर मिळायची राहिली. 1889 साली तिनं मुंबईला विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, ज्या पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या.

पुढे 1896 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या बाईच्या आई-वडिलांनी दुष्काळात अन्नावाचून प्राण सोडले होते, ती बातमी ऐकून घरात बसणार कशी? ती तिकडे गेली आणि उपाशी मुली-बायका शेकड्यांनी घेऊन आली. ठेवल्या कुठे? केडगावला, दौंड तालुक्यात, शारदा सदनाला थोडं उत्पन्न असावं म्हणून फळबागेसाठी जमीन घेतली होती, तिथे. तोच मुक्ती आश्रम. जमीन घेताना हे डोक्यातही नव्हतं. आणि लहानपणी बापानं शिकवलेलं संस्कृत? भाषेवरची ती हुकमत आयुष्याच्या शेवटच्या पर्वात कामाला आली. इब्री (हिब्रू) आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं. छपाई मुक्तीच्या छापखान्यात, आश्रमातल्या बायकांच्या हातून. 1921 साली मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 1922च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं.

दुःख देवानंच मुद्दाम पाठवलं, असं मी म्हणत नाही, आणि कुणी तसं शोकाच्या घरी जाऊन म्हणायला लागला तर त्याला बाहेर काढते. वॉर्डात मूल गेलेल्या आईला "देवाची योजना" सांगणारे मी पुष्कळ बघितलेत. मी म्हणते ते एवढंच: जे सोसलंय ते वहीत लिहा, कारण तुमच्यासारखं सोसणारा माणूस तुम्हाला लांबूनही ओळखू येतो. दारूड्या बापाच्या घरात वाढलेल्या मुलाला शेजारच्या घरातला रात्रीचा आवाज कळतो. इतरांना तो टीव्ही वाटतो.

रात्रीची पाच मिनिटं

ही रीत आमच्या मंडळीतल्या काहींना "कॅथलिकांची" वाटते. असू दे. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं इग्नेशियस लोयोलाचा पाय मोडला; पुढे जेझुइट संघ काढला तोच हा. घरी पडून राहावं लागलं. वाचायला शूर सरदारांच्या कथा मागितल्या तर घरात निघालं ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी. पडल्या पडल्या तो दोन्ही प्रकारची स्वप्नं रंगवायचा, पराक्रमाची आणि संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्ही गोड लागायची. पण पहिली संपली की मन कोरडं पडायचं आणि दुसरी संपली तरी आनंद मागे उरायचा. हा फरक त्याच्या लक्षात आला आणि त्यातूनच पुढे मन पारखायची सगळी पद्धत उभी राहिली. ज्या फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला गोव्यात रांगा लागतात, तो याचाच सोबती.

करायचं असं. झोपण्याआधी दिवसाबद्दल देवाचे आभार मानायचे, मग सकाळपासूनचा दिवस डोळ्यांपुढून न्यायचा आणि वहीत दोनच ओळी लिहायच्या. आज कोणत्या कामानंतर जीव हलका झाला? कोणत्या कामानंतर कोरडा पडला? करताना मजा आली की नाही हे विचारू नका, नंतर काय उरलं ते लिहा. रात्री दोन वाजता बेडपॅन देताना कुणालाच मजा येत नाही; ड्यूटी संपवून घरी चालत जाताना मात्र काही मुलींच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं आणि काहींच्या नाही. त्या दुसऱ्या मुली वाईट नव्हत्या. त्यांतल्या एकीनं नंतर शाळेत नोकरी धरली आणि तिथे ती फुलली.

एका दिवसाच्या ओळीवरून काही ठरवायचं नाही. पेशंटच्या उशाशी टीपीआरचा, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाचा, चार्ट असतो ना, तसं हे आहे. एक वेळचा ताप काहीच सांगत नाही, आठवड्याची रेघ सांगते. दोन महिने लिहा आणि मग एका बैठकीत सगळं वाचा. एकच काम, एकाच प्रकारची माणसं पुन्हा पुन्हा येतात का ते बघा. आली तर पेन्सिलीनं खूण करा.

इग्नेशियसचा एक नियम मी मुलींच्या हॉस्टेलमध्येसुद्धा भिंतीवर लावला असता: मन कोरडं, उदास असताना आधीचा निर्णय बदलू नका. परीक्षेत नापास झाल्याच्या रात्री कुणी पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, शोधू नये. जेवावं आणि झोपावं. एलीया झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूतानंही त्याला आधी भाकर आणि पाणीच दिलं. उदासी आठवड्यांवर आठवडे हटत नसेल, झोप-भूक गेली असेल, तर डॉक्टरकडे जा. प्रार्थना चालू ठेवूनच जा.

कुणाला विचारायचं, कुणाला नाही

1 शमुवेलचा 3रा अध्याय सगळ्यांना माहीत असतो: देवानं रात्री हाक मारली, शमुवेल तीनदा एलीकडे धावला. हाक देवाची आहे हे त्या मुलाला स्वतःहून कळलं नाही, सांगितलं एलीनं. आणि एली कोण? दृष्टी मंदावलेला, पोटच्या मुलांना आवर न घालू शकलेला म्हातारा. म्हणजे विचारायला परिपूर्ण माणूस शोधत बसू नका, तो मिळत नाही. पण तिघांना तरी विचारा: मंडळीतलं एक जुनं माणूस, तुमच्यासोबत रोज काम करणारं एक माणूस (ते ख्रिस्ती नसलं तरी चालेल, कधीकधी तेच बरं), आणि तुमच्याकडून ज्याला काहीही नको आहे असं एक. "मला काय करायला हवं?" असं विचारू नका, लोक लगेच आपली अपुरी स्वप्नं तुमच्या गळ्यात घालतात. "मी काय करत असते तेव्हा तुम्हाला बरं वाटतं?" असं विचारा. वही दाखवायची नाही. उत्तरं जुळतात का ते घरी येऊन बघायचं.

अंत्युखियात बर्णबा आणि शौल यांना पाठवलं तेही सगळे मिळून उपासना आणि उपास करत असताना. एकट्यानं डोंगरावर जाऊन ठरवलेलं नव्हतं ते.

आणि हे स्पष्ट लिहिते: पैसे घेऊन भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊ नका. "अमुक इतकं दान पेर, मग देव तुझं पाचारण उघड करील" असं कुणी स्टेजवरून म्हणालं की पर्स बंद करून उठा. लग्न कुणाशी करायचं, परदेशी जायचं की नाही, हे "मला तुझ्याविषयी दर्शन झालं" म्हणून सांगणाऱ्याला विचारा, की हेच तुम्ही पाळकसाहेबांसमोर सांगाल का. बहुतेक जण विषय बदलतात.

करून बघा

वही, रात्रीच्या ओळी, तिघांची उत्तरं. एवढं झालं की एक काम निवडा आणि एका हंगामापुरतं करा. हंगाम मंडळीच्या कॅलेंडरवरून धरा: ख्रिसमसनंतर सुरू करा आणि ईस्टरपर्यंत चालवा. वस्तीतल्या मुलांचा अभ्यास, दवाखान्यातल्या एकट्या पेशंटना डबा, जे असेल ते. कुणाला "हे माझं पाचारण" म्हणून जाहीर करायचं नाही. ईस्टरनंतर स्वतःला विचारा: यानं कुणाचं खरंच काही भलं झालं का? मी नाही गेले तर त्यांना फरक पडेल का?

वेल्लोरच्या आयडा स्कडरची गोष्ट आम्हा नर्सेसना पहिल्या वर्षीच सांगतात. मिशनऱ्याची मुलगी, पण इथे राहायचं नाही असं तिनं पक्कं ठरवलं होतं. तिंडिवनमला एका रात्री तीन घरांतून तीन नवरे आले, बायका अडल्या होत्या, आणि पुरुष डॉक्टर नको म्हणत होते. तिला वैद्यक येत नव्हतं. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. ती अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाली, 1900 साली परत आली आणि पुढे वेल्लोरला तिनं मेडिकल कॉलेज काढलं. मुली ही गोष्ट ऐकून रडतात आणि मग अशा एका रात्रीची वाट बघत बसतात. मी त्यांना त्याच कॉलेजात शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे सांगते, आपल्याच जिल्ह्यात काम केलेले. 1970 साली ते जामखेडला आले. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की खेड्यातल्या बायकांनाच, अगदी अक्षरओळख नसलेल्यांनाही, आरोग्याचं काम शिकवता येतं. त्या बायका आपापल्या गावात बाळंतपणं, लहान मुलांचं वजन, जुलाब, कुष्ठरोग सांभाळायला लागल्या. 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. यात कुठे रात्रीची हाक नाही. पेशंट बघत बघत, एकेक गाव करत, काम काय आहे ते कळत गेलेलं आहे.

करून बघितलं आणि जमलं नाही, तर ते वाया गेलं असं समजू नका. पौलाला आशिया नावाच्या रोमी प्रांतात बोलू दिलं नाही, बिथुनियात जाऊ दिलं नाही, तेव्हा तो त्रोवसला आला आणि तिथे त्याला मासेदोनियाचा माणूस दिसला. दोन बंद दारं नकाशावर बोट ठेवून बघा, रस्ता सरळ दिसतो.

पगाराचं काय, हा प्रश्न मुलं चाचरत विचारतात. पौल करिंथात तंबू शिवून पोट भरत होता, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून. नोकरी सोडायची घाई करू नका. कर्ज असेल तर आधी ते फेडा. लग्न झालेलं असेल तर जोडीदाराला वही वाचायला द्या. सासरी नवीन असाल आणि वेळ म्हणून मिळतच नसेल, तर रात्रीच्या दोन ओळी तेवढ्या लिहा, बाकीचं पुढे कधीतरी. पन्नाशीच्या पुढच्यांनी दुसऱ्या पानापासून सुरुवात करावी; लोक तुमच्याकडे कशासाठी येतात ते एव्हाना ठरलेलं असतं, फक्त तुम्ही ते मोजलेलं नसतं.

आणि मग नाही म्हणा

हे कुणी सांगत नाही. काम सापडलं की बाकीची कामं सोडावी लागतात, आणि मंडळीत हेच सगळ्यांत अवघड. जी मुलगी कामाची, तिच्याच गळ्यात सगळं: गायनवृंद, संडे स्कूल, महिला मंडळाचा हिशेब, हंगामाच्या सणाची सजावट. प्रेषितांच्या कृत्यांच्या 6व्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरकुर झाली, तेव्हा बारा प्रेषितांनी ते काम कमी लेखलं नाही, पण स्वतःकडे घेतलंही नाही. सात माणसं नेमली.

रिवाइंडिंगवाल्या मुलानं आता रविवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत चार पोरांना घेऊन काम सुरू केलंय. शेठनंच दोन जळक्या मोटारी दिल्या, बिघडल्या तरी चालतील अशा. ढोलकी दुसऱ्याला दिली. गायनवृंदाच्या बाई माझ्यावर अजून रागावून आहेत, कारण तालाला पक्का असा दुसरा कुणी मिळालेला नाही. कुणाला येत असेल तर शनिवारी सहा वाजता सराव असतो.